आधी निकाल, मग तपशील

लॅमिंग्टन रोडवर ग्राफिक्स कार्ड मागायला गेलं की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, "किती जीबीचं दाखवू?" प्रश्नात वावगं काही नाही, गिऱ्हाइकाचं बजेट त्यावरून पटकन कळतं. पण गिऱ्हाईक तोच प्रश्न सोबत घेऊन घरी येतं आणि चारपेक्षा आठ जीबी चांगलं, आठपेक्षा बारा चांगलं, असा हिशेब डोक्यात पक्का बसतो. थोडं अधिक वाचणारा जीबी सोडून कोअरच्या संख्येवर येतो, त्याहून अधिक वाचणारा टेराफ्लॉप्सवर. पायरी बदलली तरी पद्धत तीच राहते. खोक्यावरचे आकडे शेजारी-शेजारी मांडायचे आणि ज्याचे मोठे, ते कार्ड सरस म्हणायचं.

या पुस्तकाची रचना मुद्दाम उलटी केली आहे. प्रत्येक प्रकरणात कामगिरीची कोष्टकं आधी येतात आणि कोअर, क्लॉक, मेमरी, बस यांची कोष्टकं मागून. तपशिलांवरून निकाल वर्तवायला गेलं तर ते वारंवार फसवतात. निकाल हाती आल्यावर तो तसा का लागला, हे मात्र तेच तपशील फार नेमकं सांगतात. म्हणून त्यांची जागा दुसरी. ही प्रस्तावना त्या रचनेचं समर्थन आहे आणि कोष्टकं उघडण्याआधी लागणारी थोडी पूर्वतयारीही.

एक जोडी घेऊ. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये बाजारात आलं, आरटीएक्स ४०६० जून २०२३ मध्ये. ३०६० मध्ये ३५८४ कोअर आहेत, ४०६० मध्ये ३०७२. एकाची मेमरी १२ जीबी, दुसऱ्याची ८. मेमरीची बस ३०६० मध्ये १९२ बिटची, ४०६० मध्ये १२८ बिटची. परिणामी मेमरीतून सेकंदाला उचलता येणारी माहिती एकीकडे ३६० जीबी, दुसरीकडे २७२ जीबी. चारही रकान्यांत जुनं कार्ड पुढे आहे. तरीही १०८०पी पडद्यावर बहुतेक गेममध्ये नवं कार्ड साधारण पंधरा-वीस टक्के अधिक वेगाने चालतं, आणि तेही १७० वॉटऐवजी ११५ वॉटमध्ये.

आता तपशिलांकडे वळलं की ते बोलू लागतात. ३०६० चा बूस्ट क्लॉक १.७८ गिगाहर्ट्झ आहे, ४०६० चा २.४६. कोअर कमी असूनही दर सेकंदाला होणारी गणितं त्यामुळे जास्त. दुसरं कारण चिपच्या पोटात आहे. दुसऱ्या स्तराची कॅश ३ एमबीवरून थेट २४ एमबीवर गेली. हवी ती माहिती चिपवरच सापडली की बाहेरच्या मेमरीपर्यंत जावं लागत नाही, आणि अरुंद बसची उणीव बरीचशी भरून निघते. बरीचशीच, पूर्ण नव्हे. ब्लेंडरमधला मोठा सीन किंवा घरच्या मशिनवर चालवायचं भाषेचं मॉडेल आठ जीबीत मावलं नाही, तर ४०६० ची सगळी चपळाई तिथेच अडते आणि ३०६० मुकाट्याने काम पुरं करतं. 'यांतलं चांगलं कोणतं' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. 'माझ्या कामाला कोणतं' याला मात्र आहे.

टेराफ्लॉप्स हा सगळ्यांत भारदस्त वाटणारा आकडा. तो काढायची रीत अगदी सोपी आहे. कोअरची संख्या गुणिले क्लॉक गुणिले दोन. दोन अशासाठी की प्रत्येक कोअर एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज मिळून उरकू शकतो. ४०६० साठी ३०७२ गुणिले २.४६ गुणिले २ केलं की १५.१ टेराफ्लॉप्स येतात, ३०६० साठी १२.७. कार्डाचं सील न फोडताही हा गुणाकार करता येतो, आणि त्याची मर्यादाही तीच आहे. सगळे कोअर सतत कामात गुंतलेले आहेत असं त्यात गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात ते कधी मेमरीची वाट पाहत असतात, कधी एकमेकांची.

एकाच घराण्यातली, म्हणजे एकाच आर्किटेक्चरवरची दोन कार्डं ताडून पाहायला हा आकडा बऱ्यापैकी उपयोगी पडतो. घराणं बदललं की त्याचा आधार सुटतो. २०१८ चं आरटीएक्स २०८० टीआय कागदावर १३.४ टेराफ्लॉप्सचं आहे आणि २०२० चं आरटीएक्स ३०७० हे २०.३ टेराफ्लॉप्सचं. फरक पन्नास टक्क्यांचा, पण गेममध्ये दोन्ही जवळजवळ बरोबरीत चालतात. मधल्या काळात कोअर मोजण्याचा पाया बदलला होता. २०८० टीआयच्या ट्युरिंग रचनेत दशांश-अपूर्णांकांची आणि पूर्णांकांची गणितं करणारे विभाग वेगवेगळे होते, आणि कोअर म्हणून फक्त पहिलेच मोजले जात. पुढच्या अँपियर रचनेत पूर्णांकांच्या विभागालाही दशांशाचं काम येऊ लागलं, म्हणून तोही मोजणीत धरला गेला आणि संख्या फुगली. पण गेमच्या कोडमध्ये पूर्णांकांचं काम असतंच. ट्युरिंगच्या वेळी एनव्हिडियानेच दर १०० दशांश-आज्ञांमागे सरासरी ३६ पूर्णांक-आज्ञा असा हिशेब दिला होता. तेवढं काम आलं की तो विभाग तिकडे गुंततो आणि कागदावरचे टेराफ्लॉप्स कागदावरच राहतात.

कंपनी बदलली की अंतर आणखी वाढतं. एएमडीचं २०१७ चं आरएक्स व्हेगा ६४ घ्या. ४०९६ कोअर, सुमारे १२.७ टेराफ्लॉप्स, सेकंदाला ४८४ जीबीची एचबीएम२ मेमरी आणि २९५ वॉट. त्याची लढत होती वर्षभर आधी आलेल्या जीटीएक्स १०८० शी, ज्याच्याकडे २५६० कोअर, ८.९ टेराफ्लॉप्स, ३२० जीबी आणि १८० वॉट होते. गेममध्ये दोघांची कामगिरी साधारण सारखीच निघाली. व्हेगाचं बळ गेममध्ये पुरतं कामाला लागत नव्हतं. निव्वळ गणिताच्या कामांत ते लागायचं, म्हणून तिथे व्हेगाला भाव होता.

फ्लॉप्समध्ये आणखी एक खोच आहे. गणित किती बिटचं, हे सांगितल्याशिवाय तो आकडा अपुरा असतो. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा एनव्हिडियाच्या ए१०० कार्डांवर उभा असलेला महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत ६३ वा आला. त्या यादीसाठी ६४ बिटची गणितं करून घेतात, आणि त्यात त्याची नोंद ४.६ पेटाफ्लॉप्सची आहे. याच यंत्राची एआयच्या कामाची क्षमता २१० पेटाफ्लॉप्स सांगितली जाते, कारण तिथे कमी बिटची गणितं चालतात. दोन्ही विधानं खरी आहेत. गोंधळ होतो तो बिटांचा उल्लेख गाळला की. आरटीएक्स ५०७० च्या जाहिरातीतले ९८८ 'एआय टॉप्स' असेच ४ बिटच्या गणिताचे आहेत. त्याच कार्डाचे नेहमीचे ३२ बिटचे टेराफ्लॉप्स ३१ च्या आसपास भरतात.

मेमरीबाबत 'किती' याच्या जोडीला 'किती वेगाची' हा प्रश्न हवाच. लग्नघरी आचारी कितीही असोत, वाढपी दोनच असतील तर पंगत ताटकळते. कोअर आणि बँडविड्थ यांचं नातं तसंच आहे. बँडविड्थ काढायची तर बसची रुंदी गुणिले मेमरीचा वेग भागिले आठ. याचं सर्वांत बोलकं उदाहरण अगदी स्वस्तातल्या कार्डाचं आहे. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं. बस ६४ बिटची, वेग ६ गिगाबिट, म्हणजे सेकंदाला ४८ जीबी. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं. कोअर तेच ३८४, मेमरी तीच २ जीबी, बँडविड्थ मात्र १६.८ जीबी. अनेक गेममध्ये वेग जवळपास निम्म्यावर आला. दोन्ही खोकी शेजारी ठेवली तर पुढच्या बाजूला नाव एकच आणि '२ जीबी' हेही एकच. फरक डीडीआर४ या बारीक अक्षरांत. 'किती जीबीचं' या प्रश्नाला दोन्ही कार्डं एकच उत्तर देतात.

नावाचा हा घोळ स्वस्त कार्डांपुरता नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर केली, एक १६ जीबीचं आणि एक १२ जीबीचं. ऐकणाऱ्याला वाटावं की फरक मेमरीचाच आहे. पण कोअर ९७२८ आणि ७६८० होते, बस २५६ आणि १९२ बिटची, आणि चिपसुद्धा वेगळी. टीकेचा भडिमार झाल्यावर कंपनीने १२ जीबीचं कार्ड विक्रीला येण्याआधीच मागे घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये १०० डॉलर कमी किमतीला आरटीएक्स ४०७० टीआय म्हणून आणलं. त्याआधी जीटीएक्स ९७० च्या चार जीबींपैकी शेवटचा अर्धा जीबी संथ वाटेने जोडलेला असल्याचं कार्ड आल्यावर काही महिन्यांनी, जानेवारी २०१५ मध्ये उघड झालं. प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं आणि २०१६ च्या तडजोडीत तिथल्या ग्राहकांना कार्डामागे ३० डॉलर देण्याचं ठरलं.

लॅपटॉप घेणाऱ्याने तर नावावर अजिबात विसंबू नये. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी आहे. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९७२८ कोअर आणि १६ जीबी. शिवाय लॅपटॉपच्या कार्डाला किती वॉट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपसाठी ही मुभा ३५ ते ११५ वॉट इतकी ऐसपैस आहे. एकाच नावाचे दोन लॅपटॉप, एक जाडजूड आणि एक सडपातळ, म्हणूनच एका वेगाने चालत नाहीत. लॅपटॉपच्या प्रकरणात प्रत्येक आकड्याशेजारी वॉट छापले आहेत ते यासाठी.

इथवर वाचून कुणाला वाटेल की तपशील फसवे आणि बेंचमार्क सच्चे. तसंही नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये एटीआयच्या रेडिऑन ८५०० या कार्डाच्या बाबतीत असं लक्षात आलं की 'क्वेक ३' या गेमच्या फाइलचं नाव बदलून 'क्वॅक' केलं की कार्डाचा वेग उतरतो आणि चित्र सुधारतं. ड्रायव्हर गेमचं नाव ओळखून चित्राचा दर्जा थोडा उतरवत होता. २००३ मध्ये 'थ्रीडीमार्क०३' ही चाचणी बनवणाऱ्या फ्युचरमार्कने एनव्हिडियाचे ड्रायव्हर तपासले. चाचणीतला कॅमेरा ठरलेल्या वाटेने फिरतो, म्हणून त्या वाटेवरून जे दिसणारच नाही ते काढायचंच नाही, अशी सोय ड्रायव्हरमध्ये आढळली. चाचणीची सुधारित आवृत्ती आली आणि जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण २४ टक्क्यांनी घसरले. ठरलेल्या चाचणीपेक्षा प्रत्यक्ष गेममधलं, तेही वाटेल त्या जागेचं मोजमाप जास्त भरवशाचं, हा धडा या क्षेत्राने तेव्हा घेतला.

दुसरा धडा सरासरीचा. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे 'स्मूथ', असं आपण सर्रास म्हणतो. समजा, एका सेकंदातल्या पहिल्या ५० फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत निघाल्या आणि उरलेल्या १० फ्रेमना प्रत्येकी ५० मिलिसेकंद लागले. बेरीज बरोबर एक सेकंद, सरासरी बरोबर ६०. पण त्या सेकंदाचा उत्तरार्ध खेळणाऱ्याने सेकंदाला २० फ्रेमच्या गतीने, अडखळत काढलेला असतो. २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत शिरून एकेका फ्रेमला लागलेला वेळ मोजायला सुरुवात केली, आणि पुढे बाकीचेही त्याच वाटेने गेले. या पुस्तकातल्या कोष्टकांत सरासरीखाली जो '१ टक्का नीचांक' दिसेल, तो त्याच विचाराचा वारसा आहे. सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग तिथे दिला आहे. दोन कार्डांची सरासरी सारखी असेल तर नीचांक ज्याचा वर, ते घ्यावं.

तिसरी सावधगिरी अलीकडची. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी आरटीएक्स ५०७० बद्दल सांगितलं की ४०९० ची कामगिरी ५४९ डॉलरमध्ये मिळेल. ५०७० मध्ये ६१४४ कोअर आणि १२ जीबी मेमरी. ४०९० चे आकडे वर आलेच आहेत. हा दावा उभा होता तो डीएलएसएस ४ मधल्या फ्रेम निर्मितीवर. त्यात कार्ड एक फ्रेम स्वतः रेखाटतं आणि एआयच्या मदतीने तिच्यामागे आणखी तीनपर्यंत फ्रेम तयार करतं. पडद्यावरची हालचाल त्याने खरोखर सफाईदार दिसते, पण बनवलेली फ्रेम माउसची हालचाल वाचत नाही. बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ खऱ्या फ्रेमवरच ठरतो. सोय चांगली आहे. फक्त रेखाटलेल्या फ्रेमची बनवलेल्या फ्रेमशी तुलना करू नये. या पुस्तकात दोन्हींचे रकाने वेगळे ठेवले आहेत.

गेमबद्दल एवढं बोलून झालं तरी मराठी वाचकांतले बरेच जण कार्ड घेतात ते कामासाठी, आणि तिथे खोक्यावर न छापलेली गोष्टच निर्णायक ठरते. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा स्टुडिओ डोळ्यांसमोर आणा. कॅमेरा एचईव्हीसी कोडेकमध्ये १० बिट ४:२:२ असं फुटेज देतो. ते टाइमलाइनवर अडखळतं म्हणून मालक महागडं ग्राफिक्स कार्ड बसवतो, आणि बजेट सांभाळायला प्रोसेसर घेतो इंटेलचा 'एफ' अक्षराचा, थोडा स्वस्तातला. आता गंमत अशी की आरटीएक्स ५० मालिकेपूर्वीच्या एनव्हिडिया कार्डांत ४:२:२ फुटेज उलगडणारी यंत्रणाच नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ती आहे, आणि 'एफ' प्रकारात नेमकं तेच बंद असतं. म्हणजे जिथे पैसे वाचवले तिथेच काम अडलं. रंगसंस्कार आणि इफेक्टसाठी मोठं कार्ड उपयोगी आहेच, पण फुटेज चालवण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. ब्लेंडरवाल्याचं, आर्किटेक्टचं, घरी मॉडेल चालवणाऱ्या विद्यार्थ्याचं गणित पुन्हा वेगवेगळं. म्हणून प्रकरणं किमतीवर न पाडता कामांवर पाडली आहेत.

परदेशी रिव्ह्यू वाचताना आणखी काही गोष्टींची वजाबाकी करावी लागते. चाचणीची खोली थंड असते; आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. चिप तापली की कार्ड आपणहून क्लॉक उतरवतं, म्हणून आपल्या हवेत हीटसिंक आणि पंखे यांना कोअरइतकंच महत्त्व आहे. चाचणीत बाजारातला सर्वांत वेगवान प्रोसेसर वापरतात, जेणेकरून फरक फक्त कार्डाचा दिसावा. जुन्या प्रोसेसरवर तीच दोन कार्डं एकाच वेगाने चालतील, कारण अडवणारा तिसराच असेल. मदरबोर्डचा स्लॉटही पाहावा. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी पीसीआय एक्स्प्रेसच्या फक्त चार लेन वापरतं. नव्या ४.० बोर्डवर ते भागतं, ३.० बोर्डवर तो रस्ता निम्म्यावर येतो आणि चार जीबी मेमरी भरली की कार्ड चांगलंच मंदावतं. जुन्या मशिनमध्ये टाकायला स्वस्त कार्ड शोधणाऱ्यालाच हा फटका बसतो. आणि एसएमपीएसवर छापलेल्या वॉटवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे असेंबल केलेले पीसी वापरणाऱ्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

किमती या पुस्तकात रुपयांत छापलेल्या नाहीत. डॉलरचा भाव, १८ टक्के जीएसटी आणि दुकानदाराकडचा साठा यांवर त्या दर महिन्याला हलतात. त्याऐवजी प्रत्येक कोष्टकाच्या शेवटी एक रिकामा रकाना ठेवला आहे. त्या दिवशीची किंमत तिथे लिहावी आणि तिला सरासरी फ्रेमने भागावं. एका फ्रेममागे किती रुपये मोजतो आहोत हे मिनिटभरात कळेल.

वाचण्याचा क्रमही सुचवतो. आधी आपलं काम, पडद्याचं रिझोल्यूशन, प्रोसेसर आणि एसएमपीएस एका कागदावर लिहून काढा. पडद्याला कमी लेखू नका : ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, १०८०पीच्या बरोबर चौपट, आणि एका पडद्यावर जिंकणारं कार्ड दुसऱ्यावर मागे पडू शकतं. मग त्या कामाचं प्रकरण उघडून निकाल पाहा, आणि पान उलटण्याआधी अंदाज बांधा की हा निकाल क्लॉकमुळे लागला असेल, कॅशमुळे, बँडविड्थमुळे की मेमरी अपुरी पडल्यामुळे. नंतर तपशिलांचं कोष्टक पाहून ताळा घ्या. चार-सहा जोड्यांनंतर अंदाज बरोबर येऊ लागतात. तसं झालं की उद्या जाहीर होणाऱ्या, या पुस्तकात नसलेल्या कार्डाबद्दलही कोणता आकडा मागायचा आणि कोणत्या आकड्याकडे दुर्लक्ष करायचं हे आपोआप सुचेल.

काही वाचकांना कागद भरता-भरताच कळेल की अडचण कार्डाची नाहीच. रॅम कमी आहे, प्रोसेसर जुना झालाय किंवा कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. त्यांनी कार्डाचे पैसे राखून ठेवावेत. या पुस्तकाच्या किमतीच्या कितीतरी पट वसुली त्यांची तिथेच झाली.